हाक

तळमजल्यावर बावीस डोकी टांगलेली,
रबराचे गाल, पोलादी बिजागरी, प्लास्टिकचे दात.
दोन वर्षं सगल वारसामे त्यांच्यावर शिकली:
कीड कुठवर कोरायची, कुठे हात आवरायचा,
भरलेल्या दाताची कड नखाला लागू नये.
ती डोकी बरी. त्यांना लाळ सुटत नाही,
उमासा येत नाही,
आणि चुकलंच तर संध्याकाळी
एका स्क्रूवर नवा दात बसतो.

तिसरा मजला, खुर्ची नऊ.
ग्वीलिम प्रोबर्ट, वय एक्क्याऐंशी.
तोंडाचं पार बोळकं.
चाळीस वर्षं वेल्समधल्या मेंढीबाजारात लिलाव पुकारला,
एका श्वासात एकोणीस आकडे;
आता सहा म्हटलं की शीळ वाजते.
जुनी कवळी त्यांनी रुमालातून काढून दिली,
नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत,
मधोमध चिकटवल्याची पिवळी रेघ.
"कशानं चिकटवलीत?"
"विचारू नकोस."

ठशाचं पहिलं मिश्रण फार पातळ झालं,
दुसरं ट्रेमध्येच थिजलं.
मागे डॉ. ऐर्वेन प्रॉसर उभ्या, हात पाठीशी बांधून.
शिकवणाऱ्याला सगळ्यात जड जातं ते हेच,
हात पाठीशी ठेवणं.
"दात कशाला हवेत, विचारलंस?"
"चावायला," सगल म्हणाली.
"तुला नाही विचारत. त्यांना विचार."

ग्वीलिम बराच वेळ हिरड्या चघळत राहिले.
मग म्हणाले, ल्हेयकीला हाक मारायचीय.
ऐकत नाही ती. वर्ष झालं.

त्या नावाचं पहिलं अक्षर आपल्याकडे नाही.
मी ल्ह लिहिलंय, पण ते ल्ह नव्हे,
आणि ळ तर नव्हेच.
जीभ ल साठी लावायची,
आणि घसा गप्प ठेवून बाजूनं वारा सोडायचा,
कडेच्या दातांवरून,
दाराच्या फटीतून येतो तसा.
दात गेले की वाऱ्याला काठ उरत नाही.
नाव नुसतं ओलं होतं.

सगलनं आवाज उतरवला.
"त्या... अंथरुणाला खिळल्यात का?"
"छे! कुत्री आहे. चार वर्षांची, ठणठणीत.
माझ्या मेंढ्या शेजाऱ्याच्या कुरणात
आणि ही भिंतीवर बसून मजा बघते."
दाताच्या कण्या केल्या म्हणावं,
तर दातही नव्हते.

त्या रात्री कार्डिफच्या गोदीजवळच्या घरात
सगल आरशासमोर, बोट स्वतःच्या दाढेवर,
तेच एक अक्षर फुंकत राहिली.
आईनं सोमालीत दोनदा जेवायला बोलावलं.
तिसऱ्यांदा इंग्रजीत, म्हणजे राग आला.
पण वारा नेमका कुठून निसटतो
ते कुठल्याही पुस्तकात एवढं नीट लिहिलेलं नव्हतं.

मंगळवारी मेणात रोवलेले दात घालून पाहिले.
"सहासष्ट" बरं आलं.
नाव नाही आलं.
तिनं सुरी ज्योतीवर धरली,
डाव्या बाजूचं मेण सैल केलं,
एक दात अर्धा मिलिमीटर आत.
पुन्हा. शीळ.
डॉ. प्रॉसर घड्याळाकडे बघत होत्या, पण बोलल्या नाहीत.
उजवीकडचा, केसभर.
पुन्हा.
आणि खुर्ची आठवरची बाई
तोंडात कापसाचे बोळे असतानाच वळून पाहू लागली,
इतकी ती हाक लांब गेली.

महिन्यानं ते तपासणीला आले.
खाली उजवीकडे हिरडी थोडी लाल,
कवळीची ती कड घासावी लागेल.
सगलनं आधी तेच पाहिलं, मग धीर करून विचारलं.
"आली," ग्वीलिम म्हणाले, "पण तिसऱ्या हाकेला.
आधीच्या दोन तुझ्या चुकीनं वाया गेल्या
की तिच्या माजानं,
ते मी अजून ठरवलेलं नाही."

तिनं केसपेपरवर लिहिलं: उच्चार समाधानकारक.
मग खोडलं,
आणि लिहिलं: तीनपैकी एक.